वहिनींचा सल्ला : कंबरेचं ऑपरेशन आणि ट्रकचं लायसन



मुलांचे डबे, सासरची माणसं, महिन्याचा जमाखर्च हे आपले नेहमीचे विषय. या वेळी मात्र लोहाऱ्याच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न थेट घरच्या चुलीशी येऊन भिडतो. नावगाव न देण्याच्या अटीवर त्या लिहितात :

"आमचे हे सोळा वर्षं ट्रकवर आहेत. तीन वर्षांपूर्वी स्वतःची गाडी घेतली, हप्ता अजून चालू आहे. तूर, सोयाबीन भरून लातूर, सोलापूर, कधी हैद्राबाद अशा फेऱ्या असतात. वर्षभर कंबर दुखत होती, उजव्या पायात मुंग्या यायच्या, पण अंगावर काढलं. शेवटी मणक्यातली गादी सरकली म्हणून ऑपरेशन करावं लागलं. त्याला अडीच महिने झाले. आता चालतात-फिरतात. पण लायसनची मुदत दीड महिन्यानं संपते आहे. ओळखीचा एक एजंट म्हणतो, ऑपरेशनचं कुणाला बोलू नका, लायसन कायमचं जाईल. तपासणीशिवाय सर्टिफिकेट मी आणून देतो. सासूबाई म्हणतात, गाडी विकून टाका. हे कुणाचंच ऐकत नाहीत, आणि रात्री कूस बदलताना कण्हतात. वहिनी, मी काय करू?"

बाई, तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा एकच सांगावंसं वाटतं. एजंटही घाई करतो आहे आणि सासूबाईही. गाडी आजच विकायची गरज नाही आणि खोटं सर्टिफिकेट तर मुळीच नको. या दोन टोकांच्या मध्ये एक सरळ वाट आहे. थोडी लांबची आहे, पण तीच धरा.

झालं काय होतं?

दुखणं नीट समजलं की निम्मी भीती जाते. आपल्या कंबरेत एकावर एक असे पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. धक्का झेलायचं काम तिचं. वरचं वेष्टण फाटून आतला मऊ गर बाहेर आला की तो शेजारच्या शिरेवर दाबतो. ही शीर नितंबातून थेट पायाच्या बोटांपर्यंत जाते. म्हणून दुखणं कंबरेचं, आणि कळ मात्र पोटरीत!

सरकलेल्या गादीमुळे पायात कळ येते आणि तेवढा तुकडा काढला की शीर मोकळी होते, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिलं. म्हणजे हे ऑपरेशन काही कालपरवाचं नाही. आता तर छोट्या छेदातून, दुर्बिणीच्या मदतीनं ते करतात आणि बहुतेकांना दुसऱ्या दिवशी उभंही करतात.

ऑपरेशन कोणतं झालं, हे मात्र डिस्चार्ज कार्डावर पाहून घ्या. नुसता गादीचा तुकडा काढला असेल तर हलकी कामं साधारण चार ते सहा आठवड्यांत आणि अंगमेहनतीची कामं तीन महिन्यांच्या आसपास सुरू करता येतात. मणक्यांना स्क्रू आणि सळ्या बसवल्या असतील तर हाड जुळून यायला सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं. दोन्हींना लोक 'मणक्याचं ऑपरेशन' म्हणतात, म्हणून शेजारचा तिसऱ्या महिन्यात कामाला लागला तर आपलेही लागतील, असा हिशेब करू नये. तारीख ठरवायची ती सर्जननं.

ट्रक आणि कंबर यांचं वैर

बायकांना वाटतं, गाडी चालवणं म्हणजे बसून करायचं काम, त्यात कंबरेला कसला त्रास? पण ट्रकची सीट दिवसभर थरथरत असते आणि तो थरार सीटमधून थेट मणक्यात जातो. त्यात खड्डे, त्यात क्लच दाबायचा, त्यात उंच केबिनमधून धाडकन खाली उडी मारायची सवय. शिवाय माल भरताना हमाल कमी पडला की पोतं उचलायला हात लावायचा, ताडपत्री ओढायची, रस्सा आवळायचा, टायर बदलायचं.

स्वीडनच्या नॅकेमसन या डॉक्टरांनी माणसाच्या गादीत सुई घालून तिच्यावरचा दाब प्रत्यक्ष मोजला होता. उताणं झोपल्यावर दाब सर्वांत कमी आणि पुढे वाकून वजन उचलताना फार मोठा, असं त्यांना आढळलं. यातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. यजमान पुन्हा स्टिअरिंगवर बसू शकतील, पण पोत्याला आणि टायरला हात लावायचा नाही. ते काम किन्नरचं आणि हमालाचं. त्यासाठी प्रत्येक फेरीमागे चार पैसे जास्त गेले तरी ते औषधाच्या खर्चातच धरा. एकदा ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांची गादी त्याच जागी पुन्हा सरकू शकते, हे विसरू नका.

तपासणीत पाहतात तरी काय?

एजंटनं तुम्हाला घाबरवलंय ते इथेच. म्हणून हा भाग यजमानांनाही वाचून दाखवा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यानुसार ट्रकसारखं वाहतुकीचं वाहन चालवणाऱ्याला डॉक्टरी दाखला लागतो. हा दाखला 'नमुना १-अ' वर असतो आणि राज्य सरकारनं त्यासाठी अधिकार दिलेल्या डॉक्टरनंच तो द्यायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतूक वाहनाच्या लायसनचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. पूर्वी ते तीनच वर्षांसाठी होत असे.

नमुन्यात डॉक्टरला विचारलेलं असतं ते असं. नजरेत दोष आहे का, असल्यास चष्म्यानं सुधारतो का? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीच्या नंबराची पाटी वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येतात का? आणि ड्रायव्हरचं काम नीट करण्याच्या आड येईल असं काही व्यंग आहे का? शेवटी डॉक्टर लिहून देतात, की मी या माणसाला स्वतः तपासलं, आणि दूरची नजर, ऐकण्याची शक्ती, हात, पाय आणि सांधे यांकडे खास लक्ष दिलं.

पाहा बरं, यात 'कंबरेचं ऑपरेशन झालं असल्यास लायसन नाही' असं कुठे म्हटलंय का? नाही. ऑपरेशन झालं की नाही, यापेक्षा हातपाय हुकमात आहेत की नाही, याला महत्त्व आहे. अर्जदारानं स्वतः भरायचं जे निवेदन असतं, त्यातही हातापायाची हालचाल, ताबा किंवा स्नायूंची ताकद यात काही उणीव आहे का, असाच प्रश्न आहे. चक्कर, फेफरं किंवा लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का, हेही त्यात विचारतात.

परदेशातसुद्धा रीत हीच. अमेरिकेत ट्रकवाल्यांची तपासणी साधारण दर दोन वर्षांनी होते आणि तिथेही हाडांचं किंवा स्नायूंचं दुखणं गाडीवरच्या ताब्याच्या आड येतं का, एवढंच पाहतात. इंग्लंडमध्ये मोठ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना पंचेचाळिशीनंतर दर पाच वर्षांनी डॉक्टरी तपासणी द्यावी लागते.

मग लपवायचं कशाला?

एजंटच्या सर्टिफिकेटनं कागद मिळेल, पण पायात ताकद येणार नाही. ज्या पायात मुंग्या येत होत्या तो तुमच्या यजमानांचा उजवा पाय, म्हणजे ब्रेकचा पाय! उमरग्याजवळ सोलापूर-हैद्राबाद रस्त्यावर समोर अचानक मोटारसायकल आली आणि पाय अर्धा क्षण उशिरा पडला तर? पुढच्या मोटारसायकलवरही कुणाचा तरी नवरा, कुणाचं तरी लेकरू असतं.

दुसरं असं, की खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन रद्द करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १९ नुसार अधिकाऱ्यांना आहे. चालक आजारामुळे असमर्थ आहे असं मानायला सबळ कारण असलं, तर कलम १६ प्रमाणे ते पुन्हा डॉक्टरी दाखला मागू शकतात. अपघात झाला की कागद उकरले जातातच. विमा कंपनीलाही हात वर करायला निमित्त मिळतं, आणि गाडी स्वतःची असल्यानं भरपाईचा बोजा तुमच्याच दारात येऊ शकतो. हप्ता वाचवायला निघालात आणि घर गमावलंत, असं व्हायला नको.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. मुदत संपली म्हणजे लायसन कायमचं गेलं, हे खरं नाही. मुदत संपण्याआधी एक वर्ष ते मुदत संपल्यानंतर एक वर्ष या काळात नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. एक वर्ष उलटून गेलं, तरच गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते. उशिराचा थोडा दंड भरावा लागेल एवढंच. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवस लायसन चालत असे. ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे मुदत संपल्यापासून नूतनीकरण होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, अगदी लोहारा ते जेवळी एवढ्यापुरताही नाही.

तेव्हा तुमच्या हातात दीड महिना नाही, चांगला वर्षभराचा अवधी आहे. पाय पूर्ण बरा होऊ द्या, मग तपासणीला जा. मधल्या काळात बदली ड्रायव्हर ठेवून गाडी फिरती ठेवा. त्याचा पगार, डिझेल, टोल जाऊन हातात थोडंच उरेल, पण हप्ता तरी निघेल. तेही जमत नसेल तर फायनान्सवाल्यांना डिस्चार्ज कार्ड दाखवून हप्ते पुढे ढकलण्याचा किंवा लहान करून घेण्याचा अर्ज आधीच द्या. हप्ते थकल्यावर गेलं की माणसाची बाजू लंगडी होते.

हे तीन महिने घरात काय करावं?

अंथरूण : कंबर दुखणाऱ्यानं जमिनीवर किंवा फळीवरच झोपावं, ही जुनी समजूत. २००३ साली स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवर प्रयोग झाला, त्यात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी जास्त सुखाची ठरली. चांगली पिंजलेली कापसाची गादी पलंगावर घातली तरी चालेल. जमिनीवरून उठताना कंबरेला पीळ बसतो, तो टाळायचा. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या आधारानं बसायचं. एकदम सरळ उठायचं नाही.

शौच : उकिडवं बसणं काही दिवस त्रासाचं असतं. कमोडची खुर्ची भाड्यानंही मिळते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथल्यानं कंबरेवर ताण येतो. वेदनेच्या काही गोळ्यांनीही पोट कडक होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडी-मेथी-चाकवताची भाजी, ताक आणि भरपूर पाणी, एवढं आपल्याकडे घरोघर असतंच.

जेवण : घरी बसलं की वजन वाढतं आणि वाढलेलं पोट मणक्याला पुढे ओढतं. ताटात वरण, उसळ, शेंगदाणे, चालत असेल त्या घरी अंडं असू द्या. तेल-तूप, फरसाण आणि दिवसातून सहा वेळचा गोड चहा कमी करा.

तंबाखू आणि बिडी : यावर बायकोनं बोललं की भांडण ठरलेलं! म्हणून सर्जनकडूनच सांगवून घ्या. निकोटीननं हाडाचा आणि गादीचा रक्तपुरवठा कमी होतो. स्क्रू बसवलेले असतील तर हाड जुळायला त्यानं फारच अडथळा येतो.

मालिश : ऑपरेशनच्या जागी मालिश नको. 'जरा पाठीवर पाय दे रे' म्हणून लेकराला पाठीवर उभं करायची आपल्याकडे सवय असते. ती कायमची बंद. उसण काढणाऱ्याकडे, हाडं बसवणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नका.

चालणं आणि व्यायाम : पडून राहणं हे औषध नव्हे. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालण्यापासून सुरुवात करावी आणि सोसेल तसं अर्ध्या तासापर्यंत वाढवावं. पोटाचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. सोलापूर, लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत याची चौकशी करा. दोन-तीन वेळा जाऊन नीट शिकून घेतलं की बाकीचे घरी होतात. तुम्हीही सोबत जा आणि पाहून घ्या, म्हणजे घरी चुकलं तर सांगता येतं.

कंबरपट्टा : डॉक्टरनं सांगितला तेवढेच दिवस वापरावा. सदानकदा पट्टा बांधून ठेवला तर आतले स्नायू आळशी होतात.

पती-पत्नीचा सहवास : पत्रात तुम्ही हे विचारलेलं नाही, पण बऱ्याच जणींच्या मनात असतं, म्हणून लिहिते. साध्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी, दुखणं बसल्यावर, कंबरेवर भार न येईल अशा रीतीनं त्यात काही हरकत नसते. सर्जनला विचारायला संकोच वाटत असेल तर यजमानांनी एकट्यानं विचारावं. भीतीपोटी महिनोन् महिने दोघांनी पाठ फिरवून झोपू नये.

एक धोक्याची खूण मात्र कधीही दुर्लक्षू नका. लघवी तुंबली किंवा तिच्यावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल एकाएकी लुळं पडलं, किंवा टाक्यांतून पू येऊन ताप भरला, तर रात्र असो की दिवस, त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

रात्रीचं कण्हणं

तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मला सर्वांत जास्त खटकलं. दिवसा 'मला काही होत नाही' म्हणणारा माणूस रात्री कण्हत असेल, तर खरं रात्रीचं धरायचं. अडीच महिन्यांनंतर कूस बदलताना थोडं आखडल्यासारखं वाटणं वेगळं आणि पायात पुन्हा कळ उतरणं वेगळं. यजमानांना सासूबाईंसमोर किंवा मुलांसमोर विचारू नका, तिथे ते कबूल करणार नाहीत. जेवणं आटोपल्यावर दोघंच असताना विचारा. 'तुम्ही गाडी सोडा' असं म्हणू नका. सोळा वर्षं ज्या माणसानं स्टिअरिंगवर घर चालवलं, त्याला ते शब्द हात तोडल्यासारखे लागतात. 'तुम्ही परत गाडीवर जावं म्हणूनच मला खरं कळू द्या' असं म्हणा. दोघांचं म्हणणं शेवटी एकच आहे, हे त्यांना कळलं की माणूस बोलता होतो.

सासूबाईंचाही राग धरू नका. पोराच्या पाठीवरचा टाक्यांचा वण पाहिलेल्या आईला ट्रक वैरीच वाटणार. त्यांना डॉक्टरकडे एकदा सोबत न्या. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की त्यांच्याही मनाची समजूत पटेल.

तपासणीला जाण्यापूर्वी

आधी सर्जनकडे जा आणि पुन्हा तपासून घ्या. त्यांच्या नजरेखाली टाचांवर दहा पावलं आणि चवड्यांवर दहा पावलं चालायला सांगतील. टाचांवर चालता आलं की पाऊल वर उचलणारी शीर ठीक, चवड्यांवर चालता आलं की पेडल दाबणारी शीर ठीक. पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येतो का, एका पायावर उभं राहता येतं का, तासभर खुर्चीवर बसून लगेच उठता येतं का, हेही पाहतील. यात कुठे कमी पडलं तर व्यायाम आणखी काही आठवडे चालू ठेवावा. मुदतीच्या भीतीनं घाई करू नये.

औषधांच्या गोळ्या दाखवून प्रत्येकीबद्दल विचारा : हिनं झोप येते का? शिरांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, वेदनेवरची ट्रामाडोल, आणि स्नायू सैल करणारी काही औषधं यांनी गुंगी येते. अशी गोळी चालू असताना ट्रक चालवणं म्हणजे डोळे मिटून चालवणं. पण गोळी आपल्या मनानं एकदम बंदही करू नये. डॉक्टर ती हळूहळू कमी करून देतात.

मग सर्जनकडून एक पत्र मागून घ्या. त्यात ऑपरेशनची तारीख आणि प्रकार, दोन्ही पायांची ताकद आज कशी आहे, बधिरपणा आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, किती वजन उचलायला मनाई आहे, आणि अवजड वाहन केव्हापासून चालवायला हरकत नाही, एवढं असावं. हे पत्र दाखला देणाऱ्या डॉक्टरांपुढे स्वतः होऊन ठेवा. ज्यानं सगळं उघड मांडलं, त्याच्याशी डॉक्टरही मोकळेपणानं बोलतात.

कंबरेच्या काळजीत डोळे विसरू नका. चाळिशी उलटली असेल तर आधी नजर तपासून चष्मा करून घ्या. रक्तदाब आणि साखरही एकदा पाहून घ्या. लायसनचा अर्ज 'सारथी' या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि आपलं कार्यालय धाराशिवचं, एम.एच. २५ चं. अर्ज भरायला कुणाची मदत घेतली तर हरकत नाही. तपासणी मात्र स्वतः हजर राहूनच झाली पाहिजे.

दाखला मिळाल्यावर, आणि न मिळाल्यास

मिळाला तर लगेच हैद्राबादची फेरी घेऊ नये. आधी उभ्या गाडीत चढ-उतर करून पाहावं, क्लच-ब्रेक दाबून पाहावेत. मग रिकामी गाडी जवळपास, मग भरलेली गाडी लातूरपर्यंत, असं वाढवत न्यावं. कंबरेच्या खोलगट भागाला टॉवेलची गुंडाळी टेकवायला द्या. मागच्या खिशातलं पैशाचं पाकीट पुढच्या खिशात ठेवायला सांगा, कारण त्यावर बसल्यानं कंबर तिरकी होते. उतरताना उडी नाही. तोंड केबिनकडे करून, दोन्ही हातांनी धरून, पायरी पायरीनं उतरायचं. दर दीड-दोन तासांनी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं चालायचं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं पगारी ड्रायव्हरांसाठी दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही दिवसाची मर्यादा आठ तासांचीच आहे. स्वतःच्या गाडीवर स्वतःच मालक असला म्हणून कंबर काही जास्त तास सोसत नाही.

डॉक्टरांनी 'आता नाही' म्हटलं तर 'कधीच नाही' असा अर्थ काढू नका. कारण विचारा, उपचार घ्या, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जा. सगळं ठीक असताना अधिकाऱ्यांनी नूतनीकरण नाकारलं असं वाटलं, तर लेखी आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील करता येतं.

आणि पायाची ताकद पुरती परत आलीच नाही तर? तोही विचार आजच करून ठेवावा, म्हणजे त्या दिवशी आभाळ कोसळत नाही. बदली ड्रायव्हर ठेवून गाडी चालती ठेवता येते आणि यजमानांनी भाडं ठरवणं, माल मोजून घेणं, हिशेब पाहणं ही बाजू सांभाळायची. सोळा वर्षांच्या ओळखी काही ऑपरेशनमध्ये गेलेल्या नाहीत! पायाची ताकद पुरेशी आहे, पण मोठ्या गाडीचे धक्के आणि लांबच्या फेऱ्या सोसत नाहीत असं डॉक्टर म्हणाले, तर छोट्या टेम्पोचाही विचार करता येतो. हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तुमच्या लोहारा-सास्तूर भागातल्या माणसांनी मातीतून घरं पुन्हा उभी केली. त्या मानानं हे संकट आवरण्यासारखं आहे, बाई.

वहीत लिहून ठेवा

१. डिस्चार्ज कार्ड, एम.आर.आय., गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत.
२. लायसनची मुदत कधी संपते ती तारीख, आणि त्यापुढे एक वर्षाची तारीख. दोन्ही कॅलेंडरवर.
३. सर्जनची पुढची भेट. विचारायचे प्रश्न आदल्या रात्री लिहून.
४. रोज किती मिनिटं चालले, आणि रात्री दुखलं का, याची दोन ओळींची नोंद. डॉक्टरला हीच नोंद सर्वांत उपयोगी पडते.
५. फायनान्सच्या अर्जाची पोच.
६. एजंटला निरोप : "तपासणी आम्ही स्वतः देणार आहोत."

यजमानांची तपासणी झाली की काय झालं ते जरूर कळवा. तुमच्यासारख्याच, गाडीवरच्या माणसाची रात्र रात्र वाट पाहणाऱ्या पुष्कळ भगिनी हे पान वाचतात.

तुमची,
वहिनी